विंच बंपर घ्यायचाय? आधी बांधावरची झाडं मोजा

हा भाग ऐकायच्या ऐवजी वाचणाऱ्यांसाठी नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.

मागच्या भागात टायरवर बोललो, तेव्हापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "दादा, थारला विंच बंपर कुठला लावू?" कुणाकडे जिम्नी आहे, कुणाकडे गुरखा, एकाकडे तर वडिलांची जुनी बोलेरो आहे. प्रश्न मात्र तोच. आणि खरं सांगतो, मागच्या पावसाळ्यात हाच प्रश्न मी स्वतःला विचारत होतो. रात्री दोन वाजता, चिखलाने भरलेल्या पायांनी, ओसरीवर लॅपटॉप उघडून.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात. मांजरा नदी याच तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. वर माळावर मुरूम, खाली ओढ्याच्या अंगाला काळी माती. आमची वस्ती गावाबाहेर, शेतात. डांबरी रस्त्यापासून वस्तीपर्यंत दीडेक किलोमीटर पाणंद. उन्हाळ्यात त्या पाणंदीवरून कुणी स्कूटी पण नेईल. जुलैमध्ये बैलगाडी अडकते.

त्या रात्री आजीला दम लागला. मी शनिवार-रविवार म्हणून पुण्याहून आलेलो. फोर बाय फोर गाडी दारात उभी, मग काळजी कशाची? आजीला मागे बसवलं, आई शेजारी, आणि निघालो. डांबरी तीनशे मीटरवर दिसत होती आणि गाडी बसली. काळ्या मातीचं असं आहे, ती टायरच्या खाचांत जाऊन बसते आणि टायर गुळगुळीत करून टाकते. मग फोर-लो टाका नाहीतर काही करा, चारही चाकं एकाच जागी फिरतात आणि गाडी खाली जाते.

तात्यांना फोन केला. ते उठले, ट्रॅक्टर काढला, आले, ओढलं. पन्नास मिनिटं गेली. आजी बरी आहे आता, दवाखान्यात वेळेत पोचलो. पण ती पन्नास मिनिटं मी आईच्या तोंडाकडे बघू शकलो नव्हतो. आजीचा श्वास ऐकत नुसता उभा होतो. म्हणून परत आल्यावर रात्री दोन वाजता मी विंच बंपर कार्टमध्ये टाकला. बंपर आणि विंच मिळून लाखभराच्या आसपास. पैसे भरायच्या बटणावर बोट होतं, पण कार्डची मर्यादा कमी पडली. नशीब म्हणायचं. कारण त्यानंतरच्या महिन्याभरात जे शिकलो, ते त्या रात्री मला माहीत नव्हतं.

सुरुवात विंचपासून करू, कारण बंपर विंचसाठी असतो, विंच बंपरसाठी नाही. विंचवर आकडा असतो पाउंडात. साधा हिशेब असा की भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट. समजा माणसं, सामान धरून गाडी २२०० किलो. दीडपट झालं ३३०० किलो, म्हणजे साधारण ७३०० पाउंड. म्हणून थार-गुरखावाले ९५०० पाउंडची घेतात, ती होते साधारण ४३०० किलो. जास्तीचं कशाला? दोन कारणं. एक, चाकभर चिखलात रुतलेली गाडी ओढायला जवळपास गाडीच्या वजनाइतका जोर लागू शकतो, अजून खोल गेली तर त्याच्या दुप्पट. दोन, तो लिहिलेला आकडा ड्रमवर दोराचा एकच थर उरलेला असताना मिळतो. दोर पूर्ण गुंडाळलेला असेल तर जोर दोन तृतीयांशावर येतो. म्हणजे झाड जवळ असेल तर तुमची विंच उलट कमजोर! अशा वेळी पुली लावून दोर दुहेरी करायचा. वेग निम्मा होतो, पण जोर जवळपास दुप्पट होतो.

दोर लोखंडी की सिंथेटिक? मी म्हणेन सिंथेटिक. हलका असतो, आणि तुटला तर तारेसारखा चाबूक होऊन कुणाच्या अंगावर येण्याचा धोका कमी. पण उन्हात आणि दगडावर घासून तो खराब होतो, त्याला जपावं लागतं. सिंथेटिक दोराला पुढे गुळगुळीत ॲल्युमिनियमचं तोंड लागतं, लोखंडी तारेला रोलरचं. तार वापरलेल्या जुन्या खरबरीत रोलरवर नवा सिंथेटिक दोर चढवू नका, कापला जाईल. आणि दोर कुठलाही असो, ओढताना त्याच्या मधोमध जाड गोधडी किंवा ओलं पोतं टाका, आणि बघ्यांना लांब उभं करा. आपल्याकडे गाडी अडकली की अर्धं गाव गोळा होतं, हे विसरू नका.

आता बंपर. दुकानात सगळे आधी दिसणं बघतात. तुम्ही खाली वाका आणि मागून बघा. पहिला प्रश्न, विंचचा जोर कुठे जातो? उत्तर एकच पाहिजे, थेट चेसीच्या दोन्ही दांड्यांवर, गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ भोकांतून, ८.८ किंवा त्याच्या वरच्या ग्रेडच्या बोल्टने. बॉडीच्या पत्र्याला अडकवलेला बंपर म्हणजे दागिना. दुसरं, शॅकल अडकवायच्या कड्या. त्या पट्टीवर नुसत्या वरून वेल्ड केल्यात, की आरपार घालून दोन्ही बाजूंनी? माझ्या एका मित्राने ट्रॉली बनवणाऱ्याकडून बंपर बनवून घेतला. माणूस कारागीर एक नंबर, ट्रॉली त्याच्यासारखी कुणी करत नाही. पण ट्रॉलीला हळूहळू ओढ बसते आणि विंचच्या कडीला झटका बसतो. दुसऱ्याच ओढीत कडी उखडली आणि बोनेटवर आदळली. काच वाचली, मित्र वाचला.

तिसरं, वजन. इथे जरा गणित सहन करा. बंपर ५० किलो, विंच ३० किलो, मिळून ८०. हे वजन पुढच्या ॲक्सलच्या साठेक सेंटीमीटर पुढे लटकतं. थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर. तराजूचा नियम लावला की पुढच्या चाकांवर ८० नाही, जवळपास १०० किलो वाढतात, आणि मागच्या चाकांवरचे २० कमी होतात. म्हणजे पुढची स्प्रिंग बसणार, ब्रेक मारल्यावर नाक खाली जाणार. म्हणून लोक मग स्प्रिंगचा खर्च करतात, जो पहिल्या बजेटमध्ये नसतो.

चौथं, कोन. थारचा अप्रोच अँगल, म्हणजे चढाला टायर आधी टेकतो की बंपर हे ठरवणारा कोन, सुमारे ४१ अंश आहे. जिम्नीचा ३६. मोठा, खाली आलेला बंपर लावला तर ज्यासाठी गाडी घेतली तेच गमावलं. पाचवं, हवा. विंच जाळीच्या बरोबर पुढे बसली तर रेडिएटरची हवा अडते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे असतो. सहावं, करंट. पूर्ण जोरात विंच ४०० अँपियरपर्यंत खाते. इंजिन चालू ठेवायचं, अर्धा-एक मिनिट ओढायचं, मग थांबायचं. आणि वायरमध्ये बंद करायचा मोठा स्विच पाहिजेच पाहिजे.

इथपर्यंत वाचून वाटेल, ठीक आहे, चांगला बंपर कळला, मागवतो. थांबा. आता माझ्या धंद्यातली गोष्ट.

मी सॉफ्टवेअर लिहितो. एअरबॅग कधी फुगवायची हे शेवटी एक प्रोग्रॅमच ठरवतो. धडक बसली की गाडीचं नाक किती वेगाने दबतंय, सेन्सरला किती झटका बसतोय, यावरून काही मिलिसेकंदात निर्णय. तो प्रोग्रॅम कंपनीने मूळ बंपर लावलेल्या गाड्या धडकवून बसवलेला असतो. आपण पुढे पाच मिलिमीटर जाडीची न दबणारी प्लेट लावली की आत जाणारी माहितीच बदलली. कोड तोच, इनपुट वेगळं. एअरबॅग उशिरा फुगेल, की नको तेव्हा फुगेल, हे कुणीच तपासलेलं नाही. आमच्या ऑफिसात असा बदल कुणी टेस्ट न करता प्रॉडक्शनला टाकला तर त्याला रात्री झोप लागणार नाही.

आणि समोरच्याचा विचार करा. मूळ बंपर दबतो म्हणून माणसाचा पाय कधीकधी वाचतो. लोखंड दबत नाही. आपल्या जिल्ह्यातले रस्ते डोळ्यांसमोर आणा. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघालेले ट्रक-ट्रॅक्टर, कडेने चालणारी बायका-पोरं, रिफ्लेक्टर नसलेल्या बैलगाड्या. आषाढी वारीसाठी परळी, अंबाजोगाईवरून गजानन महाराजांची पालखी जाते, रस्ताभर वारकरी. त्या रस्त्यावर माझ्या गाडीचं तोंड कसं असावं, हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही.

कायदा पण हेच म्हणतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. "सगळे लावतात" हे उत्तर चौकात चालतं, अपघातानंतर चालत नाही. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळीच अंगावर येतो. म्हणून मूळ बंपर काढून पूर्ण लोखंडी बंपर, रोजच्या रस्त्यावरच्या गाडीला, माझं उत्तर नाही. मूळ बंपरच्या मागे लपणारी विंच प्लेट मिळते, ती जरा बरी. पण ती पण आरटीओला विचारून आणि विमा कंपनीला लेखी कळवूनच. आणि एअरबॅगचा प्रश्न तिथेही पूर्ण सुटत नाही, हे लक्षात ठेवा.

आता शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठं. तात्यांना मी मोबाइलवर विंचचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी पूर्ण बघितला आणि म्हणाले, "चांगलंय की. पण तुझ्या मशिनीला झाड लागतंय. त्या रात्री तू बसलास तिथं झाड कुठाय?"

मी गप्प. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन पाणंदीवर गेलो. विंचचा दोर साधारण २५ मीटर असतो. जिथे जिथे गाडी बसू शकते अशा जागा शोधल्या, आणि प्रत्येक जागेपासून २५ मीटरच्या आत, पुढच्या दिशेला, जोर सहन करेल असं जाड झाड आहे का ते बघितलं. अर्ध्याहून जास्त जागांवर काहीच नाही. बांधावर एखादी बारकी बाभूळ, तिला ओढली तर बाभूळच गाडीकडे येईल. आजीच्या रात्रीची जागा? सगळ्यात जवळचा लिंब साठ मीटरवर. म्हणजे लाखभर रुपये घालूनही मी त्या रात्री तिथेच उभा असतो. झाड नसेल तर स्टेपनी खड्डा करून पुरायची आणि तिला दोर बांधायचा, असा उपाय आहे. पण ओल्या काळ्या मातीत, रात्री, आजी गाडीत असताना?

घाट-जंगलात फिरणाऱ्यांचं वेगळं आहे, तिथे झाडं आहेत, विंचला काम आहे. आपलं रान उघडं आहे. यंत्र चुकीचं नाही, आपल्या जागेला लागू नाही.

मग मी काय केलं? मूळ बंपर तसाच ठेवला. पुढचे-मागचे टो हुक चेसीला नीट आहेत का ते तपासून घेतलं. चिखलाचे टायर घातले, कारण काळ्या मातीत पहिली लढाई तिथेच आहे. ट्रॅक्टरने ओढायला ताणणारा दोर, दोन चांगले शॅकल, चाकाखाली घालायच्या दोन फळ्या, एक फावडं. आणि उरलेल्या पैशातले काही घालून, शेजारच्या दोन वस्त्यांशी बोलून, पाणंदीच्या सगळ्यात वाईट चार जागांवर मुरूम टाकला. आमच्यात जुन्या बांधाची भांडणं आहेत, ते बोलणं टायर निवडण्यापेक्षा अवघड गेलं. मातोश्री पाणंद रस्ते योजनेसाठी ग्रामपंचायतीत अर्ज पण दिलाय. बघू.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जिल्ह्यातल्या नद्यांना पूर आला, तेव्हा दोन जागांवरचा मुरूम वाहून गेला. दोन टिकल्या. आजी म्हणते, "पुन्हा टाका." टाकू.

तर मंडळी, बंपर मागवायच्या आधी एक काम करा. तुमची गाडी जिथे खरंच अडकते त्या जागी जा, २५ मीटर मोजा, आणि आजूबाजूला बघा. काय दिसलं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा, चांगल्या नोट्स पुढच्या भागात घेतो. तोपर्यंत गाडी जपा, घरच्यांना जपा. भेटू.