जुन्या मोटारीचें तेल



मोटार जुनी झाली कीं तिला दाट तेल घालावें, हा समज आपल्याकडे इतका रूढ आहे कीं त्याविषयीं शंका घेणारा विरळाच. वार्धक्यांत जड अन्न सोसत नाहीं, हें माणसाच्या बाबतींत आपण जाणतों. मोटारीच्या बाबतींत मात्र नेमके उलट वागतों. या समजांत तथ्य किती आणि भ्रम किती, याचा आज थोडा विचार करूं.

उदाहरणादाखल आपल्या परिचयाची प्रीमिअर पद्मिनी घेऊं. इटलीच्या फियाट ११०० या गाडीची ही कुर्ल्यास जन्मलेली वारसदार. २०२३ सालीं मुंबईच्या टॅक्सींतून ती निवृत्त झाली. तरी पुष्कळ घरीं वडिलांची आठवण म्हणून ती आजहि जपली जाते. तिच्या १,०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाला तेल कोणतें द्यावें?

प्रथम डब्यावरील आंकडे वाचावयास शिकूं. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें १९११ सालीं दाटपणाचे क्रमांक ठरविण्यास आरंभ केला; आजची पद्धत त्याचाच विस्तार होय. '२० डब्ल्यू-५०' यांतील डब्ल्यू हें 'विंटर' म्हणजे हिवाळा या शब्दाचें आद्याक्षर. पहिला आंकडा थंडींतील प्रवाहीपणाचा. २० डब्ल्यूची परीक्षा शून्याखालीं १५ व २० अंशांवर घेतात. तशी थंडी कोंकणांत वा देशावर पडत नाहीं. दुसरा आंकडा १०० अंशांवरील, म्हणजे तापलेल्या इंजिनांतील दाटपणाचा. आपल्या कामाचा तो. ४० क्रमांकाच्या तेलाचा दाटपणा त्या उष्णतेस १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, तर ५० क्रमांकाचा १६.३ ते २१.९ असतो. म्हणजे एक पायरी चढल्यानें दाटपणा सरासरीनें एकतृतीयांश वाढतो.

आतां झिजेचें गणित पाहा. इंजिनांतील फिरता दांडा आणि त्याची बेअरिंगें यांमध्यें अत्यंत बारीक फट असते. तींत दाबानें तेल खेळतें आणि त्या तेलाच्या पापुद्र्यावर दांडा जणूं तरंगतो. झिजेनें फट रुंदावली कीं तेल बाजूंनीं निसटूं लागतें. आणि ही गळती फटीच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. फट दुप्पट झाल्यास गळती आठपट! तेथें एकतृतीयांश अधिक दाटपणा काय पुरा पडणार?

हें मी स्वतःच्या खर्चानें शिकलों. माझ्या जुन्या गाडीचा, तेलाचा दाब दर्शविणारा तांबडा दिवा चौकांत गाडी थांबली कीं लुकलुकूं लागला. मीं ४० चें तेल काढून ५० चें घातलें. दिवा विझला आणि मी आपल्या शहाणपणावर खूष झालों. तीन महिन्यांनीं घाट चढतांना इंजिनांतून ठोके ऐकूं आले. उघडून पाहतों तों बेअरिंगें तांब्यापर्यंत झिजलेलीं आणि दांड्यावर ओरखडे पडलेले. वेळीं नुसतीं बेअरिंगें बदलून भागलें असतें. आतां दांडाहि घासून घ्यावा लागला. दिवा मला हांक मारीत होता. मीं तिचें तोंड बंद केलें होतें.

म्हणून नव्या गाड्यांचें अतिपातळ तेल घालावें काय? तेंहि नव्हे. तें तेल त्या इंजिनांच्या घडणीस अनुरूप असतें. शिवाय पद्मिनीच्या इंजिनांत कॅमचे उंचवटे टॅपेटच्या सपाट तळाशीं घासत फिरतात. तेथें तेलांत मिसळलेलें जस्त व फॉस्फरस यांचें संयुग झीज रोखतें. फॉस्फरसमुळें नव्या गाड्यांतील धूर शुद्ध करणारें यंत्र निकामी होतें. म्हणून २००४ सालच्या 'एस एम' प्रतीपासून पातळ तेलांत त्याची मर्यादा ०.०८ टक्के करण्यांत आली. २० डब्ल्यू-५० सारख्या दाट तेलांस ती लागू नाहीं. डब्यावर 'एस ए' अक्षरें असलेलें स्वस्त तेल मात्र दूरच ठेवावें. १९३० नंतरच्या बहुतेक इंजिनांना तें योग्य नाहीं.

तेव्हां करावें काय? प्रथम गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका काढावी आणि आपल्या गांवच्या उष्णतेस तींत जी प्रत सांगितली असेल तीच घ्यावी. किती किलोमीटरांत किती तेल वर घालावें लागतें, याची वहींत नोंद ठेवावी. इंजिन पुरतें तापल्यावर मिस्त्रीकडून तेलाचा दाब मापानें तपासून घ्यावा. दाब थोडासाच कमी असेल, ठोके नसतील आणि निळा धूर येत नसेल, तर फार तर एक पायरी दाट तेल घेण्यास हरकत नाहीं. दाब बराच उतरला असेल, तर तेलाचें दुकान सोडून दुरुस्तीचा विचार करावा. गाडी क्वचितच बाहेर निघत असली तरी वर्षांतून एकदां तेल बदलावेंच. ओल आणि पेट्रोल मिसळून तें उभ्या उभ्या बिघडतें.

दाट तेल निरुपयोगी नाहीं; पण त्यानें झीज भरून येत नाहीं. आपली जुनी गाडी ज्यांना प्रिय आहे, त्यांनीं तिला तेल देण्यापूर्वीं तिची तपासणी करावी, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.