नाफ्था : जाळावयाचा की घडवावयाचा?



महाराष्ट्रातील सर्वसामान्य माणसाच्या कानी ‘नाफ्था’ हा शब्द पडला तो दाभोळच्या वीजप्रकल्पामुळे. मे १९९९ मध्ये सुरू झालेला या प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर चालत असे. त्याचा भाव आंतरराष्ट्रीय तेलबाजाराशी निगडित. तेल भडकले किंवा रुपया घसरला की वीज महाग! मे २००१ मध्ये तेथील वीजनिर्मिती थांबली. कराराविषयी पुष्कळ चर्चा झाली, परंतु एक मूलभूत प्रश्न बाजूलाच राहिला. नाफ्था हे मुळात जाळण्याचे द्रव्य आहे काय?

खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनात सुमारे ३० ते २०० अंश सेल्सियस तापमानाच्या दरम्यान उकळणारा जो अंश वेगळा होतो, तो नाफ्था. हा रंगहीन, पाण्याहून हलका आणि अत्यंत ज्वालाग्राही असतो. त्याची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून त्याच्या साठ्याजवळ एक ठिणगीही घातक ठरते.

त्याचे खरे सामर्थ्य मात्र ज्वलनात नसून रेणूंच्या रचनेत आहे. पाण्याच्या वाफेसह सुमारे ८५० अंशांपर्यंत निमिषभर तापविल्यास त्याचे मोठे रेणू भंग पावतात आणि इथिलिन, प्रोपिलिन, ब्युटाडाईन ही द्रव्ये हाती येतात. इथिलिनपासून ठिबक सिंचनाच्या नळ्या, प्रोपिलिनपासून धान्याची विणलेली पोती, ब्युटाडाईनपासून टायरचे कृत्रिम रबर बनते. जड नाफ्थ्यावर प्लॅटिनमयुक्त उत्प्रेरकाची प्रक्रिया केली की बेंझीन, टोल्युईन व झायलिन मिळतात. पॉलिएस्टरच्या धाग्याचे मूळ या झायलिनमध्येच आहे.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात ‘नोसिल’चा नाफ्थाभंजन प्रकल्प १९६८ मध्येच सुरू झाला होता. पुढे पानिपत येथे इंडियन ऑइलने वर्षाला ८ लाख ५७ हजार टन इथिलिनच्या क्षमतेचा प्रकल्प उभारला; २०११ मध्ये तो राष्ट्रार्पण झाला.

भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी बहुतांश तेल परकीय चलन मोजून आणावे लागते. त्यातील नाफ्था जाळला, तर एकदाच उष्णता मिळते. त्यापासून नळी घडविली, तर ती अनेक हंगाम शेताला पाणी देते. हाच न्याय घरालाही लागू आहे. सकाळी आणून सायंकाळी फेकलेली पिशवी म्हणजे परकीय चलनाची उधळपट्टीच होय. द्रव्य कोणते, यापेक्षा त्याचा विनियोग कसा होतो, यावरच राष्ट्राची समृद्धी अवलंबून असते.