आधी तयारी, मग रंग

आमच्या बचत गटाची व्हॅन शाळेची मुलं ने-आण करते. पावसाळ्यात फाटकाला घासून पुढच्या बंपरचा रंग गेला. ‘बायकांच्या हाती गाडी दिली की असंच,’ असं कानावर आलं. त्या रागातच आम्ही रंगाचा स्प्रे आणला आणि मारला. पंधरा दिवसांत पापुद्रे सुटले!

बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, आतून ‘पीपी’ अशी खूण असते. या प्लॅस्टिकवर रंग नुसता धरत नाही. दुसऱ्यांदा आम्ही घाई केली नाही. सुटलेला रंग खरवडला, भांड्यांच्या साबणानं बंपर धुतला. ३२० आणि मग ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं चकाकी जाईपर्यंत घासला. धुऊन वाळवला, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला. त्यानंतर बोटसुद्धा लावलं नाही. आधी प्लॅस्टिकचा प्रायमर, मग गाडीच्या रंगक्रमांकाचा रंग, शेवटी क्लिअर कोट. डबा वीतभर लांब धरून पातळ थर द्यायचे, मधे डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं. जाड थराला ओघळ येतात.

काम उघड्यावर, विस्तवापासून आणि मुलांपासून दूर करा. कापडी मास्क पुरत नाही. वाफ अडवणारा घ्या. हार्डनर मिसळायचा रंग घरी नकोच, ते काम गॅरेजचं.

या वेळी रंग टिकला. बोलणारे अजून बोलतात; व्हॅन मात्र वेळेवर शाळेत पोचते.