तिकिटाच्या रांगेतून

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आनेकल येथे झालेल्या स्नेहसंमेलनातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मंडळाच्या स्थापनेविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली. स्थापना म्हटली की दीपप्रज्वलन, उद्घाटक, अध्यक्षीय समारोप अशी चित्रे डोळ्यांपुढे येतात. आमच्यापाशी त्यांपैकी एकही नाही. सत्य असे आहे की आपले मंडळ क्रिकेटच्या तिकिटांच्या रांगेत जन्मास आले, आणि ती रांगही आपल्याच माणसांचा पराभव पाहण्यासाठी लागलेली होती. ही हकीकत सांगणारे आता आम्ही दोघेच उरलो आहोत. म्हणून 'आम्ही' हा शब्द मोठेपणासाठी नव्हे, हिशेबासाठी वापरतो आहोत, हे ध्यानी घ्यावे.

मार्च १९७४ मधली गोष्ट. आम्ही चौघे मुंबईचे तरुण बंगळुरातल्या एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागलो होतो. एका खोलीत चार वळकट्या, एक स्टोव्ह आणि एक रेडिओ एवढाच संसार. कन्नड येत नव्हते. राज्याचे म्हैसूर हे नाव जाऊन कर्नाटक झाल्याला जेमतेम पाच महिने लोटले होते, आणि त्या नव्या नावाने खेळणारा संघ रणजी करंडकाच्या उपान्त्य सामन्यात मुंबईशी, तोही बंगळुरात, भिडणार होता. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे करंडक मुंबईकडे होता. आम्ही शाळेत 'अ, आ, ई' गिरवत होतो तेव्हा जिंकू लागलेला संघ आम्ही मिशा राखू लागलो तरी जिंकतच होता. मुंबई हरू शकते, ही कल्पनाच आम्हांस परकी होती. परगावी, परभाषेत, परक्या चवीच्या सांबारावर दिवस काढणाऱ्यांना तेवढा एक अभिमान पुरे होता. ही झुंज पाहायचीच, असे ठरले.

क्रिकेट संघटनेचे मैदान तेव्हा पूर्ण बांधूनही झाले नव्हते. आज ज्याला आपण चिन्नस्वामी स्टेडियम म्हणतो तेच ते. पहिली कसोटी तेथे व्हायची होती ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, वेस्ट इंडिजविरुद्ध. व्हिव्ह रिचर्ड्स आणि गॉर्डन ग्रीनिज या दोघांचेही कसोटी पदार्पण त्या सामन्यात झाले. पण मार्चमध्ये तेथे विटा, वाळू आणि अर्धवट उभे राहिलेले सज्जे होते. पहाटे चारच्या सुमारास आम्ही तेथे पोचलो, तर कब्बन पार्कच्या झाडांखालून आधीच रांग वळणे घेत गेलेली. बंगळूरची मार्चमधली पहाट मुंबईकरास थंडच वाटते. आम्ही दोन चादरी चौघांत गुंडाळल्या आणि उभे राहिलो.

अंधारात माणसाचा चेहरा दिसत नाही, भाषा मात्र ऐकू येते. आमचे मराठी ऐकून पुढून कोणी विचारले, "तुम्ही कुठले?" तो गृहस्थ बेळगावचा निघाला. मागून एक सातारकर बोलला. दूरसंचारात काम करणारे एक नागपूरकर रांग सोडून आम्हांस भेटण्यास आले आणि आपली जागा गमावून बसले. आता जागा राखायच्या कशा, चहाला जायचे तर कोणाच्या भरवशावर, असा प्रश्न उभा राहिला. तेव्हा सातारकरांनी खिशातून कारखान्याचा एक छापील कागद काढला आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने नावे लिहिण्यास आरंभ केला. कोण कोणामागे आहे, कोण चहाला गेला आहे, कोण परत आला आहे, सारे त्यात. सतरा नावे झाली. पुढल्या वर्षी गणेशोत्सव करावा असे मनात आले तेव्हा कोणाकोणास बोलवावे, याची यादी नव्याने करावी लागली नाही. मंडळाची पहिली सभासद-सूची ती हीच.

आमच्या अगदी पुढे एक मध्यमवयीन कन्नड गृहस्थ होते, बसवनगुडीचे. अंगावर कोट, खाली पंचा, हातात पितळी डब्यात उपमा. सतराजणांच्या या मराठी दंग्याकडे ते प्रथम नाराजीने पाहत होते. नंतर त्यांनी आपला उपमा पुढे केला. कॉफीवाला आला तेव्हा एका पेल्याचे दोन करून कसे घ्यायचे, 'बाय-टू' म्हणजे काय, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि' हे बंगळूरचे सर्वांत उपयुक्त वाक्यही त्यांनीच शिकविले, आणि ते शिकवून होताच मागचा एक धटिंगण तेच वाक्य म्हणत रांगेत घुसला.

खिडकी उघडली. रांग हलली, थांबली, पुन्हा हलली. आमच्यातल्या दोघांच्या हाती तिकिटे पडली आणि खिडकी बंद झाली. आतून कोणीतरी तळहात हलवून संपल्याची खूण केली. मागे गलका झाला, पोलिसांनी काठ्या आपटल्या, आणि काळ्या बाजाराचे भाव तेथल्या तेथे कानांवर येऊ लागले. ते भाव आमच्या पगाराला झेपणारे नव्हते. दोघांनी जावे व दोघांनी परतावे, की कोणीच जाऊ नये, असा आमचा आपसांत खल सुरू झाला. तो खल ऐकून बसवनगुडीचे ते गृहस्थ मागे वळले. घरच्यांसाठी घेतलेल्या तिकिटांपैकी दोन त्यांनी आमच्यापुढे धरली. छापील किमतीहून एक पैसा अधिक घेण्यास त्यांनी साफ नकार दिला. "पण अट आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "आमच्याजवळ बसायचे, आणि गावसकर बाद झाला तर टाळी वाजवायची." आम्ही हसत हसत कबूल झालो. गावसकर बाद होणार तो कसा, असा आमचा त्या वेळचा हिशेब होता.

सामन्याची हकीकत तज्ज्ञ मंडळी आमच्याहून अधिक चांगली सांगतील. कर्नाटकाने प्रथम फलंदाजी करून ३८५ धावा केल्या. त्यांत गुंडाप्पा विश्वनाथ यांच्या १६२ आणि बृजेश पटेल यांच्या १०६. विश्वनाथांचा तो मनगटी स्क्वेअर कट आम्ही शत्रुपक्षाचा म्हणून पाहण्यास बसलो होतो. दुपारपर्यंत शत्रुपक्ष ही संज्ञा गळून पडली होती आणि नुसते पाहणे उरले होते.

मग मुंबईची फलंदाजी. प्रसन्न यांचा तो चेंडू गावसकरांच्या बचावाला चकवून यष्टीवर गेला. क्षणभर मैदान नि:शब्द झाले, आणि मग जो जल्लोष उसळला तो आजही कानांत आहे. शेजारच्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. आम्ही चौघांनी टाळ्या वाजविल्या. प्रथम अटीपायी वाजविल्या हे खरे. परंतु चेंडूच तसा होता, आणि दुसरी टाळी अटीची नव्हती, हेही आज पन्नासांहून अधिक वर्षांनी कबूल करण्यास हरकत नाही.

पुढे वाडेकर आणि अशोक मंकड यांनी डाव सावरला तेव्हा आमच्या जिवात जीव आला. वाडेकर असेपर्यंत आघाडी हाताबाहेर गेली नव्हती. आणि धाव घेता घेता माघारी वळताना त्यांचा पाय घसरला व ते धावबाद झाले. पायात नवे बूट होते, असे पुढे सांगितले जाई. मुंबईचा डाव ३०७ वर आटोपला. सामना अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावातील ७८ धावांच्या आघाडीवर कर्नाटक अंतिम फेरीत गेले, आणि जयपुरास राजस्थानला हरवून त्यांनी करंडक प्रथमच जिंकला. आम्ही खोलीवर परतलो. त्या रात्री स्टोव्ह पेटला नाही.

आणि तरीही मंडळ झाले. मुंबई जिंकली असती तर कदाचित झालेही नसते. जिंकणाऱ्यांना एकत्र जमण्याचे विशेष कारण पडत नाही. हरलेल्यांना एकमेकांच्या घरी जाऊन बोलावेसे वाटते. हा आमचा तर्क आहे, इतिहास नव्हे.

पुढे या झुंजीचे कितीक अध्याय आम्ही पाहिले, वाचले, ऐकले. १९८१-८२ च्या उपान्त्य सामन्यात रघुराम भट यांच्या डावखुऱ्या फिरकीपुढे गावसकर चक्क डावखुरे खेळले, तेही याच बंगळुरात. दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजास ते नेहमीप्रमाणे उजव्या हाताने खेळत. २०१० च्या जानेवारीत म्हैसूरच्या अंतिम सामन्यात मनीष पांडे यांनी १४४ धावा काढूनही मुंबईने कर्नाटकास अवघ्या सहा धावांनी हरविले, तेव्हा आमच्या घरांत अर्धी माणसे आनंदली आणि अर्धी जेवली नाहीत. एव्हाना आमच्या घरांच्याही दोन बाजू झाल्या होत्या. मुले येथे वाढली, कन्नड माध्यमाच्या मित्रांत खेळली. त्यांचा संघ कर्नाटक. ते चुकले असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी द्यावा? राहुल द्रविड इंदुरास मराठी घरात जन्मले आणि बंगळूरचे म्हणून खेळले. विश्वनाथांच्या पत्नी कविताताई या गावसकरांच्या भगिनी. गावसकरांनी मुलाच्या नावात जयसिंहा आणि विश्वनाथ या दोघांना गुंफून 'जयविश्व' केले. थोरल्यांनी असे सोयरसंबंध जुळविल्यावर आपण धाकट्यांनी वैर कशाला धरावे?

तिकीट ही वस्तू लहान दिसते, पण तिच्यापायी काय काय घडते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. ब्रेबोर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. सामने भरवायचे मुंबई क्रिकेट संघटनेने. तिकिटे कोणाच्या वाट्यास किती, यावरून दोघांत वर्षानुवर्षे वाद चालला. अखेर शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर दुसरेच स्टेडियम उभे राहिले, आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे कसोटी झाली. एका रांगेतून आपले मंडळ, एका वाटणीतून वानखेडे स्टेडियम!

आता तिकिटाला कागद नाही. २००८ च्या एप्रिलमध्ये याच चिन्नस्वामी मैदानावर आयपीएलचा पहिला सामना झाला. तेव्हापासून बंगळूर विरुद्ध मुंबई ही झुंज नव्या वेषात दरसाल उभी राहते. तिकिटे मोबाइलवर मिळतात, म्हणजे मिळत नाहीत. मागे एकदा नातीने आमच्यासाठी प्रयत्न केला. ठरल्या वेळी पडद्यावर अक्षरे उमटली की आपण रांगेत आहात आणि आपल्यापुढे एक लाखाहून अधिक माणसे आहेत. आम्ही सवयीने मान वर करून पाहिले. पुढे भिंत होती. पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही, उपमा पुढे होत नाही, आणि संपल्याची खूण करणारा तळहातही दिसत नाही. परंतु जुन्या रांगेचे पोवाडे गाण्याआधी हेही सांगितले पाहिजे की आमच्या त्या सतरा नावांत एकही स्त्री नव्हती. पहाटे चारला कब्बन पार्काच्या अंधारात कोणती मुलगी उभी राहिली असती? आज नात घरी बसून तिकीट मिळविते आणि मैत्रिणींबरोबर सामन्यास जाते. हा लाभ लहान नव्हे.

एक गोष्ट मात्र जड मनाने सांगतो. ३ जून २०२५ रोजी बंगळूरच्या संघाने अठरा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आयपीएल जिंकले. दुसऱ्या दिवशी स्टेडियमवर सत्कार होता. आत जागा सुमारे पस्तीस हजार माणसांची. बाहेर जमली ती काही लाख. प्रवेश कोणास, प्रवेशिका कोठे, याचा नीट उलगडा असंख्यांना नव्हता. दरवाजांपाशी चेंगराचेंगरी झाली आणि अकरा जण प्राणांस मुकले; पन्नासांहून अधिक जखमी झाले. गेले ते बहुतेक तरुण. दोष कोणाचा, हे ठरविणे आमचे काम नव्हे.

आमच्यातल्या एकाचा नातू त्या गर्दीत होता. वय एकोणीस. दुपारी आनेकलहून बसने गेला. संध्याकाळी दूरदर्शनवर बातमी येऊ लागली आणि त्याचा फोन लागेना. सगळ्यांचेच फोन लागत नव्हते. घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते. आम्ही दोघे फाटकापाशी खुर्च्या टाकून बसलो. रात्री साडेदहानंतर तो आला. अंगावर तांबडा सदरा, आणि पायांत काही नाही. बूट कोठे गेले, असे विचारण्याऐवजी त्याच्या आईने त्याला पाणी दिले. त्याने नंतर एवढेच सांगितले की पुढे माणसे पडली होती हे मागच्यांना दिसतच नव्हते, आणि मागचे पुढच्यांना ढकलत होते. तो सदरा अद्याप त्याने पुन्हा घातलेला नाही.

त्या वर्षी बंगळुरास ठरलेले महिला विश्वचषकाचे सामने येथून काढून घेण्यात आले. भारतीय मुलींनी तो विश्वचषक २ नोव्हेंबरला नवी मुंबईत जिंकला. आमच्या आयुष्यात बंगळूर हरले आणि मुंबईस मिळाले, असे घडूनही आनंद अर्धाच झाला, हा एकच प्रसंग.

आणि आता वार्ता अशी की आपल्याच आनेकल तालुक्यात, बोम्मसंद्राजवळ सूर्यनगर येथे, ८० हजार प्रेक्षकांचे स्टेडियम बांधण्याचा आराखडा २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने पुढे आणला. त्याच महिन्यात मेट्रोची पिवळी मार्गिकाही बोम्मसंद्रापर्यंत आली. हुस्कूरच्या मद्दुरम्मेच्या जत्रेत शंभर फुटांहून उंच रथ ओढणारा आपला तालुका गर्दीस नवखा नाही. त्या गर्दीत काय काय होऊ शकते, हेही तो जाणतो. स्टेडियम होईल तेव्हा आम्ही असू की नाही, सांगवत नाही. परंतु बांधणाऱ्यांपाशी आमचे एक मागणे आहे, आणि मंडळाने ते ठरावाच्या रूपाने लेखी कळवावे, अशी विनंती आहे. खिडक्या किती, हे नंतर ठरवा. दरवाजे किती आणि किती रुंद, हे आधी सांगा. पुढे जागा उरली नाही हे शेवटच्या माणसालाही दिसेल, ऐकू येईल, अशी काही व्यवस्था करा.

तो पेन्सिलीचा कागद बाहेर मांडलेल्या प्रदर्शनात, काचेखाली, डाव्या बाजूस ठेवला आहे. सतरा नावांपैकी पंधरा लागतात. आठवे आणि तेरावे ही दोन पुसट झाली असून आम्हां दोघांनाही ती आठवत नाहीत. कोणाच्या वडिलांचे वा काकांचे अक्षर वा नाव ओळखू आले, तर चहाच्या सुटीत चिटणीसांकडे नोंदवावे. तेराव्या नावापुढे 'चहाला' असे लिहिले आहे.