पहिली घटका मोलाची
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाचा सराव नाही. पण भाऊजींच्या दुखण्यात जे शिकले, ते तुमच्यापुढे ठेवते.

दोन वर्षांपूर्वी पहाटे चारला भाऊजींच्या छातीत कळ आली. दरदरून घाम फुटला, डावा हात जड झाला. मीच म्हटले, "वात धरला असेल," आणि ओवा दिला. उजाडल्यावर रिक्षाने जवळच्या दवाखान्यात गेलो, तर तिथे हृदयाचा आलेख काढायचे यंत्र नाही. दुसरीकडे यंत्र होते, इलाज नव्हता. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत दहा वाजले. भाऊजी वाचले, पण आज त्यांना जिना चढवत नाही. ते सहा तास मला अजून टोचतात.

मागाहून डॉक्टरांनी समजावले. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की मिनिटागणिक स्नायू मरतो. म्हणून रुग्णालयात पोचल्यावर 10 मिनिटांत आलेख निघावा, सोय असल्यास 90 मिनिटांत फुग्याने वाहिनी उघडावी. मोठे रुग्णालय लांब असेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच देऊन मग पुढे न्यावे. तमिळनाडूत 2012 ते 2014 या काळात लहान रुग्णालये मोठ्यांशी अशी जोडून पाहिली. वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा 17.6 वरून 14.2 वर आले. वाट आधी आखलेली असली की जीव वाचतात, तो असा.

मग आपल्या आळीची वाट आपणच का आखू नये? रात्री-अपरात्री आलेख कुठे निघतो, इंजेक्शन कुठे मिळते, याची मंडळाने चौकशी करावी आणि तो कागद घरोघरी दाराआड लावावा. कळ आली की रुग्णाला बसवावे, चालवू नये. एकीने 108 ला फोन करावा, दुसरीने नाक्यावर उभे राहून गाडीला घर दाखवावे. माणूस निपचित पडून श्वास थांबला, तर छाती कशी दाबावी हे शिकवायला डॉक्टरांना मंडळात बोलवावे.

आणि बायांनो, आपले दुखणे छातीतच येईल असे नाही. जबडा, पाठ दुखते, धाप लागते, मळमळते. तेव्हा "पोळ्या आटोपून जाऊ" म्हणू नका. पोळ्या उद्याही होतील.