दोन रुळांएवढी फेरी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात तयार होणारा सर्वांत लांब अखंड रूळ 130 मीटरचा असतो. असे दोन रूळ जोडले की 260 मीटरची एक पट्टी होते आणि ती तशीच, न कापता, रेल्वेकडे रवाना होते. मी इथल्या रेल मिलमध्ये 34 वर्षं काढली. त्यामुळे कुठलंही अंतर मनात मोजायला गेलो की मला रूळ आठवतात. आमच्या भुरीची सकाळची फेरी आता एवढीच उरली आहे. फाटकापासून कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत जाताना एक रूळ, परत येताना एक रूळ. मला एकट्याला त्याला चार मिनिटं लागतात. भुरीला पंचवीस लागतात.

भुरी आमची कुत्री. गावठी, नावाप्रमाणे भुरकट, एक कान उभा, एक पडलेला. वय साधारण 14. तोंड आता पांढरं झालं आहे, डोळ्यांत निळसर झाक आली आहे. तो मोतीबिंदू असेल म्हणून मी घाबरलो होतो. डॉक्टरांनी टॉर्च लावून पाहिलं आणि सांगितलं, हा मोतीबिंदू नाही, वयानं डोळ्यातलं भिंग आतून घट्ट होतं, त्याची ही झाक आहे. तिला दिसतं, पण अंधुक उजेडात पायरीचा अंदाज चुकतो. तेव्हापासून मागच्या दाराचा दिवा आम्ही रात्रभर चालू ठेवतो.

सात-आठ वर्षांपूर्वीची आमची फेरी सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. सेक्टर सातमधल्या आमच्या क्वार्टरमधून पहाटे निघायचं. फर्स्ट शिफ्टची माणसं सहाच्या आत गेटवर पोचायला सायकली आणि स्कूटर दामटत जात असायची. सेंट्रल अव्हेन्यूच्या कडेनं, झाडांच्या सावलीतून आम्ही सिव्हिक सेंटरपर्यंत जायचो, कधी जयंती स्टेडियमच्या बाजूला. रविवारी तिला स्कूटरवर माझ्या पायांशी उभी करून मैत्री बागेच्या रस्त्यानं न्यायचो. ही बाग 1972 ची, भारत आणि सोव्हिएत संघ यांच्या मैत्रीची खूण म्हणून केलेली, आणि तिथले पांढरे वाघ प्रसिद्ध आहेत. आत कुत्र्याला नेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण बाहेरच्या रस्त्यावर, वारा तिकडून आला की भुरीच्या मानेपासून शेपटीपर्यंतचे केस ताठ व्हायचे. जन्मात वाघ न पाहिलेली कुत्री, पण तिला पक्कं कळायचं की पलीकडे कोण आहे. उन्हाळा संपून पहिला पाऊस पडला की दुर्गजवळ शिवनाथेच्या काठी जायचो. पाण्यात ती पोटापर्यंत उतरायची, त्याच्या पुढे कधी गेली नाही.

हे सगळं एका दिवसात थांबलं नाही. आधी ती स्कूटरवर चढताना घुटमळायला लागली. मग घरातल्या गुळगुळीत फरशीवर तिचे मागचे पाय फाकायला लागले. एकदा स्वयंपाकघराच्या दारात ती बसली, आणि उठताच येईना. तिनं आवाज केला नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, संधिवात आहे. घरभर जुन्या सतरंज्या अंथरल्या, नखं कापून घेतली, औषध सुरू केलं.

आणि इथे माझ्याकडून एक मोठी चूक झाली, ती सांगण्यासाठीच खरं तर मी आज बोलतो आहे. मला वाटलं, पाय दुखतात तर तिला चालवायचं कशाला? विश्रांती द्यावी. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली तिची सोय केली आणि फेरी बंद केली. दीड-दोन महिने ती बाहेर पडली नाही. तिचं जेवण कमी झालं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. साखळी हातात घेतल्याचा आवाज झाला की पूर्वी घर डोक्यावर घ्यायची, आता मान उचलायची आणि परत टेकवायची. मी समजलो, वय झालं. आमच्या घरात दबक्या आवाजात बोलणं सुरू झालं, जणू ती गेल्यातच जमा होती.

डॉक्टरांकडे परत गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, चालवता का? मी अभिमानानं म्हणालो, नाही, पूर्ण विश्रांती. ते म्हणाले, मग स्नायू गळून जातील आणि सांध्यांवरचा भार वाढेल. थोडं चालवा, रोज चालवा, आणि तिच्या चालीनं चालवा.

तिची चाल म्हणजे काय, हे मला आमच्या भाजीवालीनं शिकवलं. ती जवळच्या गावाहून येते, टोपलीत लाल भाजी, चेच भाजी. पहिल्या दिवशी भुरीला घेऊन मी फाटकाबाहेर आलो, तेव्हा तिनं टोपली खाली ठेवली, भुरीच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "डोकरी होगे, बाबूजी. अब धीरे-धीरे रेंगथे." छत्तीसगढीत रेंगना म्हणजे चालणं. नुसतं साधं चालणं. मराठी कानाला मात्र त्यात रेंगाळणं ऐकू येतं. मी घरी येईपर्यंत त्या शब्दाचाच विचार करत होतो. आयुष्यभर मी भुरीला चालवत होतो, आता तिला रेंगाळू द्यायचं होतं. आणि म्हातारपणी डोकरी म्हणवून घ्यायला आमच्यासारखं वर्ध्याकडचं माणूस काय किंवा छत्तीसगढचं काय, दोघांनाही शब्द तोच पुरतो, हेही त्या दिवशी लक्षात आलं.

माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण 50 ते 60 लाख असतात. कुत्र्याच्या नाकात 20 कोटींहून जास्त. म्हातारपणी कान जातात, डोळे मंद होतात, पण नाक बहुधा सगळ्यांत शेवटपर्यंत साथ देतं. भुरीला आता माझी हाक ऐकू येत नाही, मी जमिनीवर पाय आपटून तिला बोलावतो. पण नाक शाबूत आहे. कुत्र्याची फेरी पायांसाठी असते असं आपण धरून चालतो. तरुण कुत्र्याच्या बाबतीत ते अर्धं खरं आहे. म्हाताऱ्या कुत्र्याची फेरी ही नाकासाठी असते.

आणि नाकासाठी भिलाईसारखं गाव नाही. हे मी उगीच कौतुकानं म्हणत नाही. कारखाना उभा राहिला तेव्हा देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली, आणि शेजारी शेजारी क्वार्टरांत राहिली. आमच्या एका ओळीत सकाळी पहिल्या घरातून मोहरीच्या तेलाचा वास येतो, दुसऱ्यातून सांबाराचा, तिसऱ्या घरी खोबरेल तेलात काहीतरी परतत असतं, पुढे कुणाकडे पराठे, आणि आमच्याकडे रविवारी पाटवडीचा रस्सा. भुरी प्रत्येक कुंपणाशी थांबते. मेंदीच्या झुडपात नाक खुपसते, मग खांब, मग नाली, मग परत तेच झुडूप, जणू काहीतरी वाचायचं राहून गेलं होतं. पूर्वी मी साखळीला हिसका द्यायचो. आता उभा राहतो. उभा राहिल्यामुळे मला कळलं, की कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला दोन ढोल्या आहेत आणि एकीत पोपटांचं बिऱ्हाड आहे. याच रस्त्यानं मी 34 वर्षं ड्यूटीवर गेलो होतो.

दीड महिन्यात ती परत पोटभर जेवायला लागली. संधिवात गेला नाही, जाणारही नाही. पण भिंतीकडे तोंड करून पडणं थांबलं.

आता उन्हाबद्दल. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 पर्यंत जातो. माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो नावापुरता, पंजांच्या तळव्यांतून. बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच घालवावी लागते, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला तेही नीट जमत नाही. म्हणून उन्हाळ्यात आम्ही पहाटे पाचला निघतो, नाहीतर संध्याकाळी आठनंतर. निघण्याआधी मी हाताचा पालथा पंजा डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघतो. मला सोसवलं नाही, तर तिलाही सोसवणार नाही. आणखी एक, हात जोडून सांगतो. आपल्या घरातल्या दुखण्याच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी गोळी त्याच्या पोटाची आणि मूत्रपिंडाची हानी करते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही नको.

उन्हाचा विषय निघाला की मला आमच्या घरातली पहिली कुत्री आठवते. तिचं नाव होतं लायका. माझे वडील 1958 मध्ये वर्ध्याहून इथे आले. त्याच्या आदल्या वर्षी, 3 नोव्हेंबर 1957 ला, सोव्हिएत संघानं स्पुतनिक-2 या यानातून लायका नावाची कुत्री अंतराळात पाठवली होती. मॉस्कोच्या रस्त्यावर सापडलेली ती एक भटकी कुत्री. वडिलांनी बातमी रेडिओवर ऐकली होती. इथे आले तर ज्या देशानं लायकाला पाठवलं त्याच देशाचे इंजिनियर कारखाना उभारत होते. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. त्यानंतर काही वर्षांनी घरात पिल्लू आलं, आणि वडिलांनी तिचं नाव लायका ठेवलं. ते म्हणायचे, त्या लायकाला परत आणायची सोयच केली नव्हती, आपली लायका तरी रोज घरी परत येऊ दे.

ती खरी लायका बरेच दिवस जिवंत होती असं जगाला सांगण्यात आलं होतं. 2002 मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी उघड केलं, की उड्डाणानंतर काही तासांतच यानातल्या उष्णतेनं ती मेली. वडील तोवर नव्हते. असते तर त्यांना फार लागलं असतं.

हे सगळं मी भुरीच्या निमित्तानं का सांगतो आहे, त्याचं कारण भुरीची हकीकत आहे. ती आमच्याकडे पिल्लू म्हणून आली नाही. बारा वर्षांपूर्वी आमच्या सेक्टरमधल्या एका क्वार्टरमधलं कुटुंब निवृत्तीनंतर गाव सोडून गेलं. ट्रक भरला, फाटकाला कुलूप लागलं, आणि दोन वर्षांची भुरी बाहेर राहिली. ती त्या फाटकाशी नऊ दिवस बसून होती. पोळी खायची, पाणी प्यायची, पण जागा सोडायची नाही. दहाव्या दिवशी माझी बायको तिला उचलून घरी घेऊन आली. त्या माणसांना मी वाईट म्हणत नाही. मुलाच्या शहरात, चौथ्या मजल्यावर, नव्या सुनेच्या घरी कुत्री कशी न्यायची, हा प्रश्न त्यांनाही पडला असेल. पण पुढची कितीतरी वर्षं आमच्या फेरीत ते फाटक लागलं की भुरी थांबायची. मी हाक मारली की पुढे यायची. आता ते फाटक तिच्या 260 मीटरांच्या बाहेर गेलं आहे.

कंपनीच्या क्वार्टरांच्या गावांत हे सतत घडतं. नोकरी संपते, क्वार्टर जातं, आणि अंगणातलं कुत्रं त्या अंगणातच राहतं. तरुण असेल तर कसंबसं जगतं. म्हातारं असेल तर गल्लीतली दुसरी कुत्री त्याला टिकू देत नाहीत.

आता आमचीही वेळ आली आहे. निवृत्तीनंतर काही काळ क्वार्टर ठेवता आलं, दिवाळीनंतर सोडायचं आहे. नागपूरला मुलाकडे जाणार. त्याच्याकडे मी दोनच गोष्टी मागितल्या, तळमजल्याचं घर आणि जवळपास झाड असलेला रस्ता. त्यानं दोन्ही शोधलं. रेल्वेत कुत्र्याला न्यायचं तर एसी फर्स्टचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. भुरी त्या पेटीत बसणार नाही. म्हणून आम्ही गाडी करून, राजनांदगाव-भंडाऱ्यामार्गे, थांबत थांबत जाणार आहोत.

माझ्यासारखे अनेक जण हे ऐकत असतील. तुमचीही निघायची वेळ जवळ आली असेल. सोसायटीवाले कुत्रं ठेवू देणार नाहीत, या धास्तीनं त्याला मागे ठेवू नका. भारतीय पशुकल्याण मंडळानं 2015 मध्येच स्पष्ट केलं आहे, की बहुमतानं ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. आणि पाळलेल्या प्राण्याला उपाशी-तहानलेलं राहावं लागेल असं सोडून देणं, हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. हा कायदा 1960 चा आहे, म्हणजे भिलाईच्या पहिल्या भट्टीहून एकाच वर्षानं लहान.

नेणं खरोखरच अशक्य असेल, तर निघण्याच्या महिनाभर आधी त्याच्या ओळखीचं एखादं घर बघा. तुम्ही इथे असतानाच त्याला तिथे राहायची सवय लावा. त्याचं लसीचं कार्ड आणि औषधांची चिठ्ठी त्या घरी द्या. फक्त फाटकाला कुलूप लावून त्याला बाहेर ठेवून जाऊ नका.