मी नसतानाही चालणारी वस्तू



'संगणकावर काहीतरी बोल' असं संयोजकांनी सांगितलं. साहजिकच आहे. प्रयोगशाळेतली विद्युतघंटा सोडवून तिच्या तारा हातात घेऊन बसलेला मुलगा, हीच माझी तुमच्याकडची ओळख. विज्ञानाच्या सरांनी तेव्हा छडी उगारली नाही. 'उघडलीस ना? आता जोडून वाजवून दाखव,' एवढंच म्हणाले. शाळा सुटल्यावर तासभर खटपट केली, घंटा वाजली. वस्तू उघडायची भीती त्या दिवशी गेली ती कायमची.

पुढे संगणक हाती आला आणि मग काय विचारता! डॉसच्या ६४० केबी मेमरीत एखादा प्रोग्रॅम बसवायचा म्हणून रात्री जागवल्या. विंडोज ९५ च्या १३ फ्लॉप्या एकामागून एक घालायच्या. अकरावी फ्लॉपी रुसली की सगळी मेहनत पाण्यात. हार्ड डिस्कचा इवलासा जंपर भुवयांच्या चिमट्याने बदलायचा, मग चिमट्यावरून बायकोची बोलणी खायची. लिनक्सवर आवाज सुरू व्हायला दोन रविवार लागले, पण तो आल्यावर मी घरभर नाचलो. त्यात मजा होती, ती मी नाकारत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत मी पुण्यात होतो आणि आई गावी एकटी. बाबा आदल्या वर्षी गेले होते. घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून वायफाय घेतलेलं. त्या राउटरमधलं मूळ सॉफ्टवेअर काढून मी माझ्या आवडीचं घातलं होतं. चांगलं चाललेलं होतं, तरी घातलं. एका रात्री वीज गेली, परत आली, राउटर मात्र उठला नाही. दोन दिवस आईचा फोन नाही, माझा तिला लागत नाही. पुण्याहून निघायचं तर पास हवा. तिसऱ्या दिवशी शेजारच्या दादांनी तिला गच्चीवर नेऊन फोन जोडून दिला. दोन दिवस ती मलाच काहीतरी झालं असेल म्हणून देवापाशी बसून होती. रागावली नाही. म्हणाली, 'तू आलास की सुरू होतं, तू गेलास की बंद पडतं. तू नसताना चालेल असं काही नसतं का रे?'

याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. इंटरनेटवाल्या मुलाने साधा डबा आणून बसवला. तो आजही चालतो. त्याला मी हात लावलेला नाही.

तेव्हा सरांचं वाक्य पुन्हा आठवलं. त्यातलं 'उघडलीस' एवढंच मी इतकी वर्षं धरून बसलो होतो. 'जोडून वाजवून दाखव' हे विसरलो होतो. घंटा माझ्यासाठी नव्हती, ती वर्गासाठी होती.

आजच्या मेळाव्याचं निमंत्रण आपल्या सगळ्यांच्या फोनवर मराठीत आलं आणि प्रत्येकाला सारखंच वाचता आलं. पूर्वी एका फॉन्टमध्ये लिहिलेलं मराठी पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं की नुसती अगम्य चिन्हं दिसायची. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक मिळाला, तो सगळ्यांनी मानला, म्हणून हे सोपं झालं. कुणीतरी आधी पुष्कळ खटपट केली, आपल्याला ती दिसतही नाही. खटपटीचं सार्थक यातच आहे, असं मला आता वाटतं.

माझा स्क्रूड्रायव्हर अजून खिशात असतो. कुणाच्या आईवडिलांच्या घरी काही बिघडलं असेल तर हक्काने सांगा. दुरुस्त करून देईन. 'सुधारून' मात्र देणार नाही, हा शब्द सरांसमोर देतो.